एस-मीटर

रेडिओ रिसीव्हरवर येणाऱ्या सिग्नलची तीव्रता दाखवणारे मापक. तबकडीवरच्या काट्याने किंवा पडद्यावरच्या पट्टीने ते एस-१ ते एस-९ असे टप्पे दाखवते. त्यापुढची मोजणी ‘एस-९ अधिक २० डेसिबल’ अशी होते. ही श्रेणी हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओचालकांच्या, आरएसटी (सुस्पष्टता, तीव्रता, स्वर) पद्धतीतली. अमेरिकन हॅम आर्थर ब्रॅटन यांनी १९३४ मध्ये ती मांडली, तेव्हा ‘एस’चा आकडा ऐकणाऱ्याने कानाच्या अंदाजाने द्यायचा होता. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओवर स्टेशन नीट लागले की मिटत येणारा हिरवा ‘मॅजिक आय’ हे त्याच जातीचे, पण आकडे नसलेले साधन.

मीटर सहसा सिग्नल थेट मोजत नाही. जोरदार सिग्नल आला की रिसीव्हरमधले स्वयंचलित गेन नियंत्रण, म्हणजे एजीसी, वर्धन कमी करते. त्यासाठी लागणारा व्होल्टेजच बहुतेक संचांत काटा हलवतो. म्हणून आरएफ गेनची कळ मागे फिरवली की आवाज दबतो आणि काटा मात्र वर चढतो. नवख्याला हा संच बिघडल्यासारखा वाटतो.

आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या रीजन १ ने १९८१ मध्ये प्रमाण ठरवून दिले: ३० मेगाहर्ट्‌झच्या खाली एस-९ म्हणजे ५० ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट, अर्थात उणे ७३ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल), त्याच्या वर उणे ९३ डीबीएम, प्रत्येक टप्पा ६ डेसिबलचा. भारत रीजन ३ मध्ये येतो, तरी सर्वत्र हेच आकडे धरले जातात. या हिशेबाने समोरच्याने शक्ती १०० वॅटवरून ४०० वॅट केली, तरी काटा एकच टप्पा सरकायला हवा.

प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. तपासणीसाठी अँटेना काढून सिग्नल जनरेटर जोडतात. प्रीअँप आणि अटेन्युएटर बंद, आरएफ गेन पूर्ण, एजीसी चालू. उणे ७३ डीबीएम दिल्यावर एस-९ दिसले, की जनरेटर ६-६ डेसिबलने उतरवत काटा कुठे थांबतो ते टिपायचे. एस-९ जवळ बरेच संच बरोबर असतात. खाली उतरताना टप्पा तीन-चार डेसिबलचाच भरतो आणि एस-३च्या आसपास काटा शून्यावर पडतो, सिग्नल स्पष्ट ऐकू येत असतानासुद्धा. अशा संचावर दोन अँटेनांची तुलना केली, तर फरक फुगून दिसतो. त्यापेक्षा काटा एकाच खुणेवर यावा इतका अटेन्युएटर घालून त्याचे डेसिबल मोजणे जास्त खात्रीचे. जनरेटरचा आकडा भाराविना व्होल्टेजचा आहे की ५० ओहमच्या भारावरचा, हेही आधी पाहावे. तिथे गफलत झाली तर नेमका ६ डेसिबलचा फरक पडतो आणि दोष उगाच रिसीव्हरवर येतो.

शहरात एलईडी दिवे आणि स्विचिंग चार्जर यांच्या खरखरीनेच ४० मीटर बँडवर काटा एस-५, एस-७ला टेकलेला असू शकतो. अशा वेळी सिग्नलचा आकडा एकटा सांगण्यात फारसा अर्थ नसतो. खरखरीचा आकडाही सोबत हवा. हॅम संभाषणात उदारपणे वाटला जाणारा ‘फाइव्ह नाइन’ हा आरएसटी अहवाल तर पुष्कळदा मीटरकडे न बघताच दिलेला असतो.

आरटीएल-एसडीआरसारख्या संगणकाला जोडायच्या स्वस्त रिसीव्हरांत आकडा डीबीएफएसमध्ये, म्हणजे अंकीय परिवर्तकाच्या कमाल मर्यादेच्या तुलनेत, मिळतो. त्याचे डीबीएममध्ये रूपांतर करायचे तर ज्ञात सिग्नल देऊन फरक नोंदवावा लागतो, आणि गेन किंवा बँड बदलला की ती नोंद पुन्हा घ्यावी लागते.