घरचं पीठ, परक्याची भट्टी



आजचा विषय जाहीर झाल्यावर आयोजकांपैकी एका तरुण मित्राचा आम्हाला फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. नानकटाईवर तासभर काय बोलणार?" त्याचं काही चुकलं नाही. आम्ही आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवले, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं ते निवृत्तीनंतर. पण तिथे गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. शुद्ध काय, अशुद्ध काय, कोणाच्या हातचं चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, हे प्रश्न आमच्या आजीने ओट्याशी रोज सोडवले होते. आम्ही ते वर्गात फक्त शिकवत होतो.

नानकटाईला लागतं काय? मैदा, थोडं बेसन, मूठभर रवा, पिठीसाखर, तूप, वेलदोडा, चिमूटभर खायचा सोडा. यातली एकही वस्तू बाहेरून मागवावी लागत नाही. सगळं फडताळातल्या डब्यांत असतं. घरात नसायची ती फक्त भट्टी. आजचं सगळं बोलणं या एका उणिवेभोवती आहे.

आता कोणी म्हणेल, भाजणं हा प्रकार मुळी आपला नव्हेच, तो साहेबाबरोबर आला. हे खरं नाही. कोकणात काकडीचं धोंडस करतात, त्यालाच काही ठिकाणी तवसळी म्हणतात. तांदळाचा रवा, गूळ, किसलेली काकडी, खोबरं. जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे. कायस्थांच्या घरी भानोळं असंच वरखाली विस्तव ठेवून होत असे. गोव्यात बिबिंकचा एकेक थर नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांवर, म्हणजे वरून आच देऊन, भाजतात. चारही बाजूंनी उष्णता कोंडून पदार्थ शिजवायचा ही युक्ती आमच्या बायकांना ठाऊक होती. धोंडसाला केक म्हणायचं कोणाला सुचलं नाही, एवढंच. तेव्हा अडचण कृतीची नव्हती. अडचण कोणाची भट्टी आणि कोणाचा हात, ही होती.

वसईकडची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पोर्तुगीज पाद्री गावच्या विहिरीत पाव टाकत आणि ते पाणी प्यालेलं सगळं गाव बाटलं असं समजलं जाई. ही गोष्ट प्रत्यक्षात किती वेळा घडली, हा वादाचा मुद्दा आहे. पण तिच्यातला समज खोटा नाही. पावाचा तुकडा पाण्यात पडला तर माणसाचा धर्म जातो, असं मानणारी माणसं होती. ती आमच्याच घरांत होती. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला, पण लोकांनी त्याची व्युत्पत्ती लावली ती 'पायाने तुडवलेलं पीठ' अशी. भाषाशास्त्रात ती टिकत नाही. किळस मात्र तिच्यात चांगलीच टिकून राहिली! शिवाय गोव्याचे पोदेर पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे ताडी घालत. परक्याचा हात, पाणी, आंबवण आणि त्यात ताडी. आणखी काय हवं?

म्हणूनच ज्यांना जात मोडायची होती त्यांनी पावच हाती धरला. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं, अशी तिची रीत सांगतात. विचार करा, श्रोतेहो. प्रतिज्ञा लिहून दिली नाही, ग्रंथाला हात लावला नाही. पावाचा घास घेतला. पण हे सगळं चालायचं दार लावून. १८६० साली सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार अशी हवा झाली, आणि सभा विस्कटली. जातिभेद तत्त्वतः अमान्य असलेली ती शिकलेली माणसं, पण खाल्लेला पाव बाहेर कळेल या भीतीने पांगली. आम्ही त्यांना हसत नाही. त्या काळी बहिष्कार पडणं म्हणजे मुलीचं लग्न न जमणं, मयताला चार खांदे न मिळणं.

पुढे तीस वर्षांनी पुण्यात तेच झालं. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. हजर मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी अखेर १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांची बोलणी खाल्ली. हा इतिहास 'चहाचं प्रकरण' म्हणून शिकवला जातो. बिस्किटांकडे कोणी लक्ष देत नाही. आम्ही मुद्दाम देतो आहोत.

उत्तरेत याच सुमारास वेगळा उपाय निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीत 'हिंदू बिस्किट कंपनी' सुरू झाली. नावातच सगळं आलं. गिऱ्हाइकाला बिस्किट हवंच आहे, फक्त त्यामागचा हात आपला हवा, हे त्या कारखानदाराने बरोबर ओळखलं होतं.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे नानकटाई आली. शब्द फारसी. 'नान' म्हणजे रोटी आणि 'खताई' म्हणजे खता देशची, चीनकडची. सुरतेचे लोक सांगतात की डच वखारीसाठी पाव भाजणाऱ्या पारशी कारागिरांच्या हाती ती तिथे घडली. ते असो. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिच्यात पाण्याचा थेंब नाही. आपल्याकडे 'खरकटं' हा फार खोल शब्द आहे. भात खरकटा, आमटी खरकटी, भाकरी खरकटी. पाण्यात शिजलं की लगेच विटाळाचे नियम लागू. लाडू, चिवडा, तुपात भाजलेलं कोरडं, यांना मोकळीक जास्त. नानकटाई या दुसऱ्या खात्यात बसली. तिच्यात पाणी नाही, आंबवण नाही, अंडं नाही. तूप आणि साखर ही तर देवालाही चालणारी. पुराव्याचा कागद आमच्याकडे नाही, हा आमचा तर्क आहे. पण पाव उंबऱ्याबाहेर थांबला आणि नानकटाई माजघरापर्यंत आली, याचं दुसरं कारण आम्हाला तरी सापडत नाही.

आता आमच्या लहानपणाकडे येऊ. तालुक्याचं गाव, सन १९६० च्या आसपास. दिवाळीच्या आधी आठ दिवस बेकरीपुढे रांग लागायची. बेकरी मुसलमान मालकाची. प्रत्येकाच्या हातात घरचा डबा. सामान घरचं, मजुरी त्यांची, पिठाच्या वजनावर. साखर रेशनची, आधीपासून पुरवून ठेवलेली. तूप परवडायचं नाही म्हणून अर्धं तूप, अर्धा डालडा. डालडा १९३७ पासून बाजारात होता. त्याला नाकं मुरडणाऱ्या घरांतही दिवाळीला त्याचा पिवळा डबा उघडायचाच.

आई पहाटे परातीत तूप घेऊन तळहाताने फेसायला बसे. तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत. मग पिठीसाखर, मग पीठ. गोळा घरीच व्हायचा. बेकरीत आम्ही पोरं तो गोल वळून पत्र्यांवर मांडत असू. रात्रीचे पाव काढून झाले की लाकडाच्या भट्टीची धग उतरत असते. पावाला लागते तेवढी कडक आच नानकटाईला चालत नाही, ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. म्हणून आमची पाळी दुपारी. भट्टीवाला हात आत घालून क्षणभर अंदाज घ्यायचा, मग लांब दांड्याच्या लाकडी फळीने पत्रे आत सरकवायचा. ना घड्याळ, ना थर्मामीटर. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आमचे मित्र आहेत, ते म्हणतात हा माणूस उष्णतेचा उतरता आलेख डोक्यात घेऊन फिरत होता.

म्हणजे तडजोड अशी: द्रव्य आमचं, अग्नी त्यांचा. परमहंस सभेला जे दार लावून करावं लागलं, ते बायकांनी मुलांच्या हाती डबा देऊन भर दुपारी रस्त्यावर करून टाकलं. ठराव नाही, व्याख्यान नाही, यादी नाही, त्यामुळे चोरीलाही काही गेलं नाही. धुरंधर बाईंचं 'गृहिणी-मित्र' किंवा १९७० सालचं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' ही पुस्तकं घरोघरी होती. वाटी-चमच्याचं माप 'रुचिरा'ने घराघरांत रुजवलं. पण बेकरीच्या रांगेचा इतिहास कोणी लिहिला नाही.

एकेका घरची खूण असायची. कोणी मधे चारोळी लावी, कोणी अंगठ्याचा ठसा. आमची खूण वेलदोड्याचा एक दाणा. एका वर्षी घरी येऊन डबा उघडला तर वरच्या थरावर चारोळ्या! पत्रे बदलले होते. आईने एका नजरेत ओळखलं की या कोणाच्या. ज्यांच्या घरचं पाणी आमची आजी पीत नसे, त्यांच्या. आम्ही तोंड उघडणार तोच आईने आमच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ आम्हाला कळला. संध्याकाळी देवापुढे नैवेद्य झाला, आजीने नानकटाई खाल्ली, दुसरी मागून घेतली. म्हणाली, "औंदा तूप चांगलं पडलंय."

आजी पुढे बारा वर्षं जगली. तिला कोणी सांगितलं नाही. आम्ही त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. सत्य सांगण्याचं कर्तव्य निरपवाद आहे, हे कांटचं म्हणणं दरवर्षी फळ्यावर लिहिलं. वर्गात एकदा हा प्रसंग नाव न घेता ठेवला. एक मुलगी म्हणाली, "सर, आजीला फसवलंच की. तिचा नियम चूक असला तरी तो तिचा होता." मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "आणि ज्यांची नानकटाई होती त्यांना काय वाटलं असतं, हे कोणी विचारणार आहे की नाही?" तो त्याच वस्तीतला होता. आम्हाला त्या दिवशी पुढे शिकवता आलं नाही, तास लवकर सोडला.

त्या मुलाच्या प्रश्नापाशी आम्ही अजून आहोत. कारण बेकरीच्या रांगेचं कौतुक करताना एक गोष्ट झाकली जाते. मुसलमानाच्या भट्टीपर्यंत आम्ही पोचलो, कारण तिथे सामान आमचं होतं आणि काम संपलं की डबा उचलून घरी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन उघडपणे चहा घेतला. तिथे पाणीही कांबळ्यांचं, हातही त्यांचाच, आणि जागाही. त्याला फार वेगळी हिंमत लागते. आमच्या आईकडे ती नव्हती. तिच्याकडे गप्प राहण्याची हिंमत होती. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये असं आम्हाला वाटतं, पण पहिलीच्या जागी दुसरी चालवून घेऊ नये असंही वाटतं.

अलीकडे लाकडाच्या भट्ट्या बंद होत चालल्या, घरोघरी ओव्हन आले. आता द्रव्यही आमचं आणि अग्नीही आमचा. रांगेत उभं राहायला नको, पत्रे बदलायचा धोका नाही. सोय झाली, हे खरं. काय गेलं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

शेवटी आयोजकांच्या सौ.नी कृती विचारली आहे, ती सांगून थांबतो. ओव्हन नसेल तरी चालेल. पाऊण वाटी घट्ट तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा, चिमूटभर मीठ, वेलदोडा. सोडा अगदी चिमूटभर, आणि त्याच्याबरोबर चमचाभर दही. आंबट काही नसेल तर सोड्याची साबणासारखी चव राहते. तूप फेसण्यात कंटाळा करू नका. गोळा वळला नाही तर चमचाभर तूप वाढवा, पाणी नको. जाड कढईत बोटभर मिठाचा थर, त्यावर तिवई, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग ताटली आत ठेवा, आच मंद, वीस-पंचवीस मिनिटं. काढल्यावर मऊ लागतात म्हणून कच्च्या समजू नका. गार झाल्या की खुसखुशीत होतात. आम्ही पहिल्यांदा केल्या तेव्हा मऊ आहेत म्हणून पुन्हा आत ठेवल्या आणि पार कोळसा केला.

चारोळी लावायची की वेलदोडा, ते तुमच्या घरचं. आता प्रश्न असतील तर घेऊ.