रानांतला ससा आणि घरांतला ससा

देवणीच्या शिवारांत रब्बीच्या पिकांची काढणी चालू असतांना एखाद्या बांधाच्या कडेला, अगदीं पायाजवळून, एक करडें-तपकिरी जनावर उसळी घेऊन निघतें आणि पाहतां पाहतां काळ्या रानाच्या पलीकडे दिसेनासें होतें. तो ससा. लातूर-उदगीरसारख्या शहरांत एखाद्या घराच्या परसांत, जाळीच्या खुराड्यांत, पांढराशुभ्र व तांबड्या डोळ्यांचा प्राणी कोथिंबिरीची काडी कुरतडीत बसलेला असतो. तोही ससाच. मराठींत नांव एक असलें तरी हे दोन प्राणी एक नव्हेत. त्यांचा संकरही होत नाहीं आणि त्यांचा इतिहासही निराळा आहे. परसांत वाढून मोठा झालेला ससा घरांत आणावयाचा असेल, तर हा इतिहास ठाऊक असणें उपयोगाचें आहे. त्याला कशाची भीति वाटते आणि कोठें धीर येतो, हें बव्हंशीं त्या इतिहासानेंच ठरविलें आहे.

दख्खनचा रानससा बीळ करीत नाहीं. गवतांत अंगापुरती खोलगट जागा करून तो तींत दबून राहतो. त्याचीं पिलें जन्मतःच केंसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात. संकट आलें कीं पायांच्या वेगावर भिस्त ठेवावयाची, एवढेंच त्यांस माहीत. चंद्राला शशांक म्हणणाऱ्या कवींच्या आणि अशक्य वस्तूला शशविषाणाचा दाखला देणाऱ्या नैयायिकांच्या डोळ्यांपुढें होता तो हाच ससा. मराठीला ‘ससेहोलपट’ हा शब्द मिळाला तोही याच्याच धांवपळीवरून. हा प्राणी माणसाळला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तर त्याची शिकार करणें वा त्यास पकडणें यांस बंदी घातली आहे. तेव्हां त्याला घरांत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

पाळीव सशाचें मूळ स्पेन-पोर्तुगालच्या भूमींत आहे. तो बिळांत राहणारा, कळपांत नांदणारा. त्याचीं पिलें आंधळीं व उघड्या कातडीचीं जन्मतात आणि मातीच्या पोटांतच तीं वाढतात. रोमन लोक कुंपण घातलेल्या आवारांत ससे पोसून खाण्यासाठीं ठेवीत. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील व्हॅरो या ग्रंथकारानें अशा आवारांचें वर्णन करतांना बिळें करणाऱ्या या स्पॅनिश सशाचा वेगळा उल्लेख केला आहे. पुढें बॅलिआरिक बेटांत सशांनीं पिकांचा असा फडशा पाडला कीं, तेथील रहिवाशांनीं ऑगस्टस बादशहाकडे सैन्याची मदत मागितली, असें प्लिनी लिहितो. बाराव्या शतकांत नॉर्मन लोकांबरोबर हा प्राणी इंग्लंडांत स्थिरावला. तेथील थंड व चिकट जमिनींत त्याला बिळें खणणें जड जाई, म्हणून पाळणाऱ्यांनीं स्वतः मातीचे लांबट उंचवटे रचून त्याची सोय केली. ते उंचवटे इंग्लंडांत अद्यापि ठिकठिकाणीं दिसतात. सशाला आपल्याजवळ ठेवावयाचें तर आधीं त्याला बीळ दिलें पाहिजे, हें त्या अडाणी समजल्या गेलेल्या रखवालदारांस नीट उमगलें होतें.

ससा माणसाळला केव्हां, याविषयीं एक ठराविक कथा पुष्कळ दिवस पुस्तकांतून चालत आली. इ. स. ६०० च्या सुमारास ग्रेगरी पोपनें सशाचीं नवजात पिलें उपवासाला चालतात असा निर्णय दिला, त्यामुळें फ्रान्समधील मठवासीयांनीं ससे पाळावयास घेतले, अशी ती कथा. २०१८ मध्यें संशोधकांनीं मूळ लेख तपासले, तेव्हां असा कोणताही निर्णय सांपडला नाहीं. तूरच्या ग्रेगरी या निराळ्याच लेखकानें उपवासाच्या दिवसांत पिलें खाणाऱ्या एका माणसाची हकीकत लिहिली होती. नामसादृश्यानें तिचा पोपच्या आज्ञेशीं घोंटाळा झाला. खरी गोष्ट अशी दिसते कीं, ससा कोणा एका वर्षीं, कोणा एकाच्या आज्ञेनें माणसाळला नाहीं. आवार, उंचवटा, खुराडें अशा पायऱ्यांनीं, अनेक शतकांच्या सहवासानें तो जवळ आला.

या सहवासाची खूण त्याच्या मेंदूंतही उमटली आहे. रानटी व पाळीव सशांच्या मेंदूंची तुलना करतां, भीति उत्पन्न करणारा भाग पाळीव सशांत लहान, आणि तिला आवर घालणारा भाग मोठा झालेला आढळला. भीति कमी झाली. गेली मात्र नाहीं. शिवाय हंगेरींतील संशोधकांस असें दिसून आलें कीं, जन्मल्यानंतर पहिल्या आठवड्यांत माणसाचा हात लागलेलीं पिलें पुढें माणसास कमी भितात. मोठ्या सशाच्या बाबतींत ती संधि निघून गेलेली असते. तेथें उरतो तो केवळ धीर.

धीरानें काय साधतें व काय साधत नाहीं, याची एक जुनी व मनोवेधक साक्ष इंग्रज कवि विल्यम कूपर याची आहे. मनाच्या गंभीर आजारांतून सांवरत असतां, १७७४ मध्यें ओल्नी गांवीं त्यानें एकामागून एक तीन ससे संभाळले. ते खरे म्हणजे रानससेच होते. पस, टायनी आणि बेस अशीं त्यांचीं नांवें. त्यानें स्वतःच्या हातानें त्यांना झोपावयाच्या जागा करून दिल्या आणि संध्याकाळीं तो त्यांस बैठकीच्या खोलींत मोकळें सोडी. पस आजारी पडला, तेव्हां त्यानें त्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर तो त्याचा हात चाटूं लागला आणि पुढें अगदीं निर्धास्त झाला. बेस प्रथमपासूनच धीट होता. टायनीला मात्र तीच माया मिळूनही तो जवळ घेऊं देईना. हात लावतांच गुरगुरे व पुढच्या पायांनीं फटके मारी. कूपरनें त्याला बदलण्याचा हट्ट धरला नाहीं. तो जसा होता तसा शेवटपर्यंत पोसला, आणि तो मेल्यावर त्याच्यावर कविताही लिहिली. तिघांची हकीकत त्यानें १७८४ मध्यें ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत प्रसिद्ध केली.

पाळीव सशाच्या वांट्याला मात्र पुष्कळ काळ परसांतील खुराडेंच आलें. तो घरांत मांजराप्रमाणें राहूं शकतो, हा विचार सर्वत्र पसरला तो अलीकडे. १९८५ मध्यें अमेरिकेंत मॅरिनेल हॅरिमन या बाईंनीं त्यावर पुस्तक लिहिलें व १९८८ मध्यें तेथें या कामासाठीं एक संस्था स्थापन झाली.

मराठवाड्यांत ससा घरांत आणण्याचें पहिलें कारण उन्हाळा हें आहे. सशाला घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. हवा तीस अंशांवर गेली कीं तो कासावीस होऊं लागतो, आणि येथील वैशाखांत पारा चाळिसाच्या पुढें जातो. पत्र्याच्या छपराखालील खुराडें त्या दिवसांत भट्टीच होतें. माळवदाच्या जुन्या घरांतील आंतली खोली त्याला मानवते. ऊन कडक होण्यापूर्वींच, एखाद्या संध्याकाळीं त्याला आणावें.

आणल्यावर घाई नको. देवणीच्या पंचक्रोशींत हें वेगळें सांगावें लागूं नये. देवणी गाय-बैलांच्या जातीनें ज्या गांवाचें नांव सर्वदूर नेलें, तेथील शेतकरी बाजारांतून आणलेला नवा बैल लगेच औताला जुंपीत नाहीं. आधीं त्याला गोठ्याची, दावणीच्या शेजाऱ्याची आणि वैरण घालणाऱ्या हाताची ओळख होऊं देतो. सशाचेंही तसेंच. संबंध घर एकदम मोकळें न करतां एकच कोपरा द्यावा. त्यांत दोन बाजूंस भोंक पाडलेलें खोकें पालथें घालावें. हेंच त्याचें बीळ. त्याला एक वाट आंत शिरावयास व दुसरी निसटावयास लागते. खुराड्यांतील थोडें जुनें गवत तेथें पसरावें, म्हणजे ओळखीचा वास येतो. शहाबादी फरशीवर त्याचे पाय घसरतात, कारण त्याच्या तळव्यांस मांजरासारख्या गाद्या नसतात. म्हणून गोणपाट किंवा सतरंजी अंथरावी. विजेच्या तारा उचलून ठेवाव्या, कारण त्याचे दांत जन्मभर वाढत असतात व ते झिजविण्यास तो कांहींही कुरतडतो. मलमूत्रासाठीं तो बहुधा एकच कोपरा निवडतो. तेथेंच पसरट भांड्यांत गवत घालून ठेवलें कीं घर स्वच्छ राहतें.

कान धरून उचलणें ही क्रूर रीत टाकून दिली पाहिजे. वरून येणारा हात त्याला घारीच्या झडपेसारखा वाटतो, आणि धडपडींत त्याचा कणाही मोडूं शकतो. माणसानें जमिनीवर बसावें आणि त्याला आपण होऊन येऊं द्यावें. सर्वांत अधिक लक्ष खाण्यावर हवें. वाळलें गवत आणि पाणी सतत पुढें असावें. अर्धा दिवस त्यानें कांहीं खाल्लें नाहीं, तर त्याचें आंतडें थांबतें आणि जीव धोक्यांत येतो. मग वाट न पाहतां जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावें.

कांहीं ससे आठवड्यांत रुळतात, कांहींना महिने लागतात. एखादा टायनीसारखा शेवटपर्यंत अंतर राखून राहतो. त्यालाही सावली, गवत आणि बीळ यांचा तितकाच अधिकार आहे. मोठा ससा कधीं भर खोलींत, खोक्याच्या बाहेर, मागचे पाय ताणून कुशीवर पडलेला दिसला, तर त्याला हांक मारूं नये कीं हात लावूं नये. बिळांत राहणारा प्राणी उघड्यावर असा पडतो तो त्या जागेंत भय नाहीं, अशी त्याची खात्री पटल्यावरच.