वसंतातली बंदूक : रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम कसा ठरला?

#थ्रेड #इतिहास

१/ इ.स. १६१२. जहांगीर बादशहाचा विश्वासू सरदार मुकर्रबखान गोव्याच्या पोर्तुगीज बाजारातून दुर्मीळ वस्तू घेऊन आग्र्यास परतला. त्या नजराण्यात एक चमत्कारिक पक्षी होता. त्याच्या डोक्याचा आणि गळ्याचा रंग घडोघडी पालटत असे. बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आत्मचरित्रात सविस्तर लिहून ठेवले. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेले त्या पक्ष्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो पक्षी म्हणजे टर्की.

२/ मेक्सिकोतील लोकांनी माणसाळवलेला हा पक्षी स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांतून शंभर वर्षांच्या आत जगभर पोहोचला. त्याचे रानटी भाऊबंद मात्र उत्तर अमेरिकेच्या जंगलातच राहिले आणि पुढच्या तीन शतकांत जवळजवळ नष्ट झाले. ते परत आले, तेही शिकार चालू असताना! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, हेच समीकरण भारतीय वाचकाच्या परिचयाचे आहे. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे बंदूक कोणी, कधी, किती वेळ आणि कशावर रोखायची, याचे नियम झाले. त्या नियमांचा हा इतिहास.

३/ युरोपीय वसाहतवाले आले तेव्हा पूर्वेकडील ओक आणि चेस्टनटच्या अरण्यांत टर्कीचे थवेच्या थवे होते. मूलनिवासी जमाती त्यांचे मांस खात, पिसे बाणांना लावत आणि पिसांची उबदार पांघरुणेही विणत. नवागतांना ही संपत्ती अक्षय वाटली. तरीही धोक्याची जाणीव फार लवकर झाली होती. १७०८ साली न्यूयॉर्क वसाहतीने काही परगण्यांपुरता एक कायदा करून वर्षातील ठरावीक महिने टर्कीसह काही पक्ष्यांच्या शिकारीस मनाई केली. अमेरिकेतील पक्ष्यांसाठीच्या ‘बंद हंगामा’च्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते.

४/ कायदा झाला, पण तो राबवणार कोण? शिकारीवर नजर ठेवणारा पगारी अधिकारी नव्हता. परवाना नव्हता, मोजदाद नव्हती. एका परगण्यात बंदी असली तरी शेजारच्या परगण्यातला बाजार उघडाच होता. परिणाम ठरलेला होता. कनेक्टिकटमध्ये १८१३ नंतर रानटर्की दिसला नाही. व्हरमाँटमधून तो १८४२ च्या सुमारास नाहीसा झाला. मॅसॅच्युसेट्समधील शेवटचा ज्ञात रानटर्की १८५१ साली माउंट टॉम येथे मारला गेला.

५/ या ऱ्हासाला दोन कारणे होती. पहिले कारण कुऱ्हाड. शेतीसाठी, जळणासाठी आणि लाकडासाठी अरण्ये साफ झाली, आणि झाडावर रात्र काढणाऱ्या या पक्ष्याचा आसराच गेला. दुसरे कारण बाजार. रेल्वे आल्यावर दूरच्या जंगलात मारलेला पक्षी शहरातील खाटकाच्या दुकानापर्यंत सहज पोहोचू लागला, आणि व्यापारासाठी शिकार करणाऱ्याला थांबण्याचे कारणच उरले नाही. १९२० पर्यंत मूळच्या ३९ पैकी १८ राज्यांतून रानटर्की पूर्णपणे नाहीसा झाला होता.

६/ मग मूळ प्रश्न न्यायालयापुढे आला : रानात फिरणारा पक्षी कोणाच्या मालकीचा? १८९६ साली ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वन्य प्राणी जनतेचे असून राज्य त्यांचे विश्वस्त आहे. खटला टर्कीचा नव्हता. कनेक्टिकटमध्ये मारलेले पक्षी राज्याबाहेर नेण्याचा होता. निकालातील मालकीचा सिद्धांत १९७९ मध्ये त्याच न्यायालयाने मोडीत काढला, पण विश्वस्ताची कल्पना टिकली. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा संघराज्याचा गुन्हा ठरवला. बाजाराची नाडी प्रथमच आवळली गेली.

७/ राहिला पैशाचा प्रश्न. १९३७ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर स्वाक्षरी केली. बंदुका आणि काडतुसांवरील अबकारी कर, जो पुढे बहुतांश शस्त्रांवर ११ टक्के झाला, थेट वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. त्याला एक खुबीदार अट होती. शिकारीच्या परवान्यांचे शुल्क दुसऱ्या कामाकडे वळवणाऱ्या राज्याला या निधीतील छदामही मिळणार नव्हता. मंदीच्या त्या दिवसांत ही अट नसती, तर परवान्यांचे पैसे रस्त्यांवर खर्च होण्यास वेळ लागला नसता.

८/ पैसा आला, पण त्यासोबत एक महागडी चूकही चालू राहिली. अंडी उबवा, पिंजऱ्यात पिल्ले वाढवा आणि रानात सोडा, इतका सोपा उपाय अनेक राज्यांनी दशकानुदशके केला. पिंजऱ्यातले पक्षी रानात टिकले नाहीत. मिसूरीत संशोधन करणाऱ्या स्टार्कर लिओपोल्ड यांनी १९४४ मध्ये त्याचे कारण मांडले : रानटीपणा रक्तातून येतो. धोक्याची चाहूल लागताच रानटी मादीची पिल्ले जागच्या जागी थिजतात. संकरित पिल्लांत ती उपजत सावधता कमी पडते. शिवाय आईवाचून वाढलेल्या पिल्लांना कोल्हा म्हणजे काय, हे शिकवणार कोण?

९/ उपाय एकच होता. जिथे थोडे अस्सल रानटर्की उरले होते, तिथून ते जिवंत पकडून दुसरीकडे सोडायचे. पण इतका सावध पक्षी पकडायचा कसा? १९५१ साली साउथ कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात जीवशास्त्रज्ञ हर्मन ‘डफ’ होलब्रुक यांनी पाणपक्ष्यांसाठी तयार झालेले तोफजाळे टर्कीवर वापरून पाहिले. जमिनीवर धान्य टाकायचे, बाजूला घडी केलेले जाळे दडवायचे आणि थवा जमला की बार उडवून ते जाळे क्षणार्धात त्यावर फेकायचे. युक्ती यशस्वी झाली, आणि रानटर्कीच्या पुनरागमनाचे दार उघडले.

१०/ मिसूरी राज्याचे उदाहरण बोलके आहे. तेथील मतदारांनी १९३६ साली घटनादुरुस्ती करून वन्यजीवांचा कारभार राजकारण्यांच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिला. १९३७ मध्ये टर्कीची शिकार पूर्ण बंद झाली. बंदी दोन दशकांहून अधिक काळ टिकली. त्या काळात पक्षी पकडून नव्या रानांत सोडले गेले. १९६० च्या वसंतात शिकार पुन्हा खुली झाली ती केवळ १४ परगण्यांत आणि अवघे ३ दिवस. त्या हंगामात ९४ टर्की मारले गेले. २००४ च्या वसंतात हाच आकडा ६० हजारांच्या वर गेला.

११/ पण शिकार वसंतातच का? हा तर विणीचा काळ! उत्तर या पक्ष्याच्या जीवनक्रमात आहे. वसंतात नर पहाटे साद घालतात आणि एक नर अनेक माद्यांशी जुगतो. पिल्लांच्या संगोपनात त्याचा काहीही वाटा नसतो. मादी दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस एकटीच उबवते. जुगण्याचा भर ओसरल्यावर, माद्या घरट्यावर बसू लागल्या असताना मोजके नर मारले, तर पुढच्या पिढीला फारसा धक्का लागत नाही, असा हा हिशेब. शरद ऋतूत मात्र अनेक ठिकाणी मादीही मारता येते, म्हणून त्या हंगामाविषयी अधिक सावधगिरी बाळगली जाते.

१२/ राज्याराज्यांत तपशील बदलतात, पण नियमपुस्तिकेतील बहुतेक कलमांमागे काही ना काही कारण असते. अनेक राज्ये ‘नर’ असे न लिहिता ‘दाढी असलेला पक्षी’ असे लिहितात, कारण रानात चटकन दिसते ती छातीवरची झुपकेदार दाढी. काही माद्यांनाही ती असते, आणि ही कायद्याने पत्करलेली तडजोड आहे. बऱ्याच ठिकाणी रायफलला मनाई असून छर्ऱ्याची बंदूक चालते. हिरव्या-करड्या कपड्यांत दडून मादीचा आवाज काढणारे दोन शिकारी एकमेकांनाच पक्षी समजण्याची भीती असते, आणि रायफलची गोळी फार दूर जाते. रातथाऱ्यावर झोपलेला पक्षी मारणे, धान्याचे आमिष टाकणे आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे यांवर सर्वसाधारणपणे बंदी आहे. कित्येक राज्यांत दुपारनंतर शिकार थांबते.

१३/ शिस्तीचे फळ मॅसॅच्युसेट्समध्ये दिसले. १८५१ मध्ये जिथला शेवटचा रानटर्की मारला गेला, त्या राज्यात १९७२-७३ साली न्यूयॉर्कमधून पकडलेले ३७ पक्षी बर्कशायरच्या डोंगरांत सोडले गेले. ओसाड पडलेल्या शेतांवर तोवर पुन्हा जंगल उभे राहिले होते. १९८० मध्ये वसंतातील शिकार सुरू झाली. आज त्या राज्यात ३० हजारांहून अधिक रानटर्की आहेत, आणि बॉस्टनच्या उपनगरांत ते रस्त्यावर वाहने अडवतात! १९३० च्या दशकात देशभरातील संख्या सुमारे २ लाखांवर आल्याचे सांगितले जाते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ती ७० लाखांच्या घरात पोहोचली.

१४/ येथेच ही कथा संपवता आली असती, पण इतिहास तसा थांबत नाही. गेल्या दोन दशकांत दक्षिणेकडील आणि मध्य-पश्चिमेकडील अनेक राज्यांत रानटर्की पुन्हा घटू लागला. दर मादीमागे जगणाऱ्या पिल्लांची संख्या रोडावली. अधिवासाचा ऱ्हास, अंडी खाणारे रॅकून, ओला वसंत अशी कारणे पुढे आली. जॉर्जिया विद्यापीठाचे संशोधक मायकेल चेंबरलेन यांच्यासह काही अभ्यासकांनी बोट हंगामाच्या तारखेवरही ठेवले. जुगणे पूर्ण होण्याआधीच सर्वांत बलिष्ठ नर मारले गेले, तर ११व्या भागातला तो हिशेबच चुकतो.

१५/ राज्यांनी पुन्हा लेखणी उचलली. २०२२ मध्ये जॉर्जियाने हंगाम पुढे ढकलला आणि प्रत्येक शिकाऱ्याची मर्यादा ३ वरून २ वर आणली. अलाबामाने ती ५ वरून ४ केली. २०२३ मध्ये टेनेसीने हंगाम दोन आठवडे उशिरा उघडला आणि मर्यादा ३ वरून २ केली. मात्र टेनेसीतच झालेल्या अभ्यासात उशिराच्या हंगामामुळे घरट्यांच्या यशात ठळक फरक आढळला नाही. शिकारी नाराज, अभ्यासक साशंक, आणि तरीही नियम बदलत आहेत, कारण पक्षी संपेपर्यंत वाट पाहण्याची किंमत या देशाने एकदा मोजली आहे.

१६/ १७०८ चा कायदा आणि आजची नियमपुस्तिका यांत तीन शतकांचे अंतर आहे. दोन्हींत तारखा आहेत. फरक इतकाच की, आजच्या तारखेमागे गस्त घालणारा अधिकारी आहे, पैशाची तजवीज आहे, पक्ष्याच्या आयुष्याचा अभ्यास आहे आणि चूक उमगल्यास ती तारीख पुसण्याची तयारी आहे. जहांगीराने नवल वाटून या पक्ष्याचे चित्र काढून घेतले. चित्र चारशे वर्षे टिकले. रानातला पक्षी टिकवण्यासाठी मात्र दरवर्षी, दर वसंतात, नव्याने हिशेब मांडावा लागतो.

(समाप्त)