घरातली बालवाडी

पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या दरम्यान कान्हे हे छोटेसे स्थानक आहे. मावळातल्या संततधारेत इथल्या लहानग्यांना अंगण पारखे होते. मग दीड-दोन वर्षांचे मूल स्वयंपाकघरातली भांडी बाहेर काढते, पाणी सांडते आणि मोठी माणसे त्याच्या हाती मोबाईल देऊन मोकळी होतात. वास्तविक, हा पसारा म्हणजेच त्या वयाचा अभ्यास असतो. त्याला थोडे वळण दिले, की घराचीच बालवाडी होते.

या विचाराला महाराष्ट्रात भक्कम परंपरा आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीतली साधने खर्चिक होती. ताराबाई मोडक यांनी ही पद्धत इथल्या मातीत रुजवली. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांनाच शैक्षणिक साधने बनवले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना त्यातूनच आकाराला आली.

घरीही हेच सूत्र उपयोगी पडते. परातीत थोडा रवा पसरून त्यात बोटाने रेघोट्या ओढू द्याव्यात. कणकेचा गोळा मळायला द्यावा. दोन पेल्यांमध्ये पाणी इकडून तिकडे ओतणे, डब्यांना झाकणे जुळवणे, चमचे आणि वाट्या वेगळ्या लावणे, हातरुमालाची घडी घालणे या कामांतून बोटांना बळ येते व नजर स्थिरावते. पाऊस उघडला की मोठी-लहान पाने गोळा करावीत, पायऱ्या मोजत उतरावे. सोबत बडबडगीते आणि गप्पा असाव्यात. शब्दसंपत्ती त्यातूनच वाढते.

एका वेळी एकच खेळ द्यावा. आधी सावकाश करून दाखवावा आणि मग हात आवरता घ्यावा. दहा मिनिटांत मूल कंटाळले, तर तो खेळ तिथेच थांबवावा. पाणी सांडले, तर रागावण्याऐवजी पुसायला फडके द्यावे. तोही एक धडाच आहे.

सुरक्षिततेत मात्र हयगय नको. शेंगदाणे, हरभरे, मणी, चिंचोके यांसारख्या वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या घशात किंवा नाकात अडकू शकतात. कोसबाडच्या बिया म्हणूनच थोड्या मोठ्या मुलांसाठी ठीक. पाण्याशी खेळताना मोठे माणूस शेजारी हवेच. अर्धी भरलेली बादलीही जीवघेणी ठरू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा दिवसाला फार तर एक तास असावी.

अनेक पालकांना मुलाने लवकर अक्षरे गिरवावीत असे वाटते. परंतु बोटे तयार होण्याआधी हाती दिलेली पेन्सिल लेखनाची गोडी लावण्याऐवजी घालवते. कणीक मळणारा हात पुढे पेन्सिलही नीट धरतो. शाळेला अवकाश आहे. तोवर परात, पेला आणि आई-बाबांची दहा मिनिटे पुरेशी आहेत.