अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीवरील दुरुस्त्या

जुन्या कागदांचा संग्रह करणारांस खोडाखोडीचें महत्त्व सांगावयास नको. ओळींमध्यें मागाहून घातलेला शब्द किंवा खरवडून पुन्हा लिहिलेला आंकडा यांवरून कागदाचा अस्सलपणा तर पारखतां येतोच. पण लिहविणारांच्या मनांत शेवटच्या घटकेस काय चाललें होतें तेंही पुष्कळदां कळतें. आज अशाच एका कागदाचा विचार कर्तव्य आहे. कागद मात्र आमच्याकडील दप्तरांतला नसून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आहे.

फिलाडेल्फिया येथील परिषदेनें शनिवार, ता. १५ सप्टेंबर १७८७ रोजीं राज्यघटनेचा मसुदा मंजूर केला व सोमवारीं त्यावर सह्या झाल्या. मधल्या अल्प अवधींत पेन्सिल्व्हेनिया विधिमंडळाचा साहाय्यक कारकून जेकब शॅलस यानें चार हजारांहून अधिक शब्दांचा मजकूर चार मोठ्या चर्मपत्रांवर उतरविला; मेहनताना ३० डॉलर. घाईंत चुका झाल्या. शेवटच्या चर्मपत्रावर त्यांची याद असून खालीं परिषदेचा चिटणीस विल्यम जॅक्सन याची साक्ष आहे. आमच्या कागदांवर लेखनसीमेचें मोर्तब ज्या हेतूनें होई, तोच हेतु येथें दिसतो. यादींतील दुरुस्त्या चार. त्यांपैकीं दोन इंग्रजींतील ‘द’ या उपपदाच्या आहेत. त्यास मराठींत प्रतिशब्दच नाहीं, म्हणून त्या सोडून देतों. उरलेल्या दोहोंत या संघराज्याची बरीचशी रचना सांठलेली आहे.

पहिली दुरुस्ती पहिल्या पानाच्या पंधराव्या ओळींतील. तेथें ‘तीस’ हा शब्द अंशतः खरवडलेल्या जागेवर आहे. सीनेटमध्यें लहानमोठ्या प्रत्येक संस्थानास दोनच जागा. प्रतिनिधिसभेंत मात्र लोकसंख्येच्या मानानें. दर ४०,००० लोकांस एकाहून अधिक प्रतिनिधि नसावा, असें मसुद्यांत होतें. सह्यांच्याच दिवशीं गोरम यानें ३०,००० करण्याची सूचना आणिली, आणि चार महिने अध्यक्षस्थानीं मौन धरून बसलेला वॉशिंग्टन तिच्या बाजूनें उठून बोलला. सूचना एकमतानें मान्य झाली व चर्मपत्र खरवडलें गेलें. त्याच कलमांत, ‘गुलाम’ हा शब्द न उच्चारतां, गुलामांची गणना पांचांस तीन धरली आहे. ती जागा खरवडावी असें कोणासही वाटलें नाहीं.

या ‘तीस’चा अर्थ काय, हा वाद लवकरच उभा राहिला. काँग्रेसनें १७९२ सालीं सर्व संस्थानांची एकूण गणना (सुमारें ३६ लक्ष) तीस हजारांनीं भागून १२० जागा काढल्या व मग त्या वांटल्या. त्यामुळें आठ संस्थानांस प्रमाणाबाहेर प्रतिनिधि मिळाले. प्रश्न असा कीं, मोजणी अखिल संघाची करावयाची कीं एकेका संस्थानाची? हॅमिल्टन व नॉक्स यांचें मत कायदा मंजूर करावा असें, जेफर्सन व रँडॉल्फ यांचें उलट. अध्यक्ष झालेल्या वॉशिंग्टननें ता. ५ एप्रिल रोजीं तो परत पाठविला. अध्यक्षानें नकाराधिकार वापरल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो त्याच्याच शब्दानें लिहविलेल्या आंकड्यावरून! पुढें ३३,००० चें प्रमाण धरून १०५ जागा ठरल्या. आमच्या मतें वॉशिंग्टनचेंच वाचन मूळ मजकुरास धरून होतें. ज्या संघांत संस्थान हा घटक आहे, तेथें हिशेबही संस्थानवार होणेंच युक्त.

दुसरी दुरुस्ती बत्तीस व तेहतीस या ओळींमधली. अध्यक्षावरील महाभियोगाची चौकशी सीनेटपुढें होतांना सरन्यायाधीशानें अध्यक्षस्थान घ्यावें, या वाक्यांतील ‘चौकशी होते’ हें क्रियापदच शॅलसच्या हातून सुटलें होतें. तें वर लिहावें लागलें. एरव्हीं सीनेटचा अध्यक्ष उपाध्यक्ष असतो; परंतु अध्यक्ष पदच्युत झाल्यास गादी त्यासच मिळावयाची, म्हणून त्यास दूर ठेविलें. विधिमंडळ, कार्यकारी सत्ता व न्यायासन हीं तिन्ही या एका वाक्यांत समोरासमोर येतात. १८६८ सालीं अँड्र्यू जॉन्सनच्या चौकशींत सरन्यायाधीश चेस बसला; ३५ विरुद्ध १९ मतें पडून दोन तृतीयांशांस एकच मत कमी आलें. १९९९ व २०२० सालींही सरन्यायाधीशच होते. २०२१ मध्यें मात्र ट्रम्प यांच्यावर महाभियोग ठेवला गेला तेव्हां ते पदावर होते, आणि चौकशी उभी राहिली ती त्यांची मुदत संपल्यावर. वाक्य अध्यक्षाविषयीं आहे, माजी अध्यक्षाविषयीं नाहीं. त्या वेळीं सरन्यायाधीश आले नाहींत, व सीनेटमधील एक ज्येष्ठ सभासद लेही हे त्या जागीं बसले.