एकेक वायर, एकेक प्रश्न

न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक आज प्लगच्या वायरींवरून समजून घेऊ. कारण असेल तिथे कार्य असतं, हा अन्वय. कारण नसेल तर कार्यही नसतं, हा व्यतिरेक.

१९१० साली चार्ल्स केटरिंगची बॅटरी, कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर ही रचना कॅडिलॅक गाडीत आली. आपल्या कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही तीच होती. कॉइल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. वायरी ते प्लगपर्यंत नेतात. रबर जुनं होऊन तडकलं, की पावसाळ्यात करंट वाटेतच गळतो आणि गाडी मिसिंग मारते.

माझ्या पद्मिनीचं तेच झालं. एकाने कार्बोरेटर बदलायला लावला. पैसे गेले, मिसिंग राहिलं. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून, हात न लावता वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला. तिसरीवरून निळी ठिणगी उडाली. गळती तिथे मिसिंग. इंजिन बंद करून ती वायर बदलली. गळती नाही, मिसिंगही नाही. उरलेल्या जुन्याच होत्या, त्याही बदलल्या, पण एकेक करून. सगळ्या एकदम उपटल्या तर १-३-४-२ हा क्रम चुकतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी तशाच ठेवा. जॉन स्टुअर्ट मिलच्या १८४३च्या तर्कग्रंथातही हेच सूत्र आहे. मिस्त्रींनी मिल वाचला नव्हता. मी वाचला होता, तरी कार्बोरेटरचे पैसे मीच दिले!

ऑक्टोबर २०२३अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. गाड्या जायच्याच. अशी चौकशी करणारे हात मात्र टिकायला हवेत.