इग्लू साचा
इग्लू साचा हा तळमजल्याच्या काँक्रीट स्लॅबखाली हवेशीर पोकळी निर्माण करणारा, कायम जागेवरच राहणारा घुमटाकार साचा होय. तो बहुधा पुनर्वापरित प्लॅस्टिकचा असतो. इटलीत ओल रोखण्यासाठी स्लॅबखाली दगड रचण्याची जुनी पद्धत होती. तिची जागा या साच्याने घेतली.

साध्या काँक्रीटच्या थरावर साचे एकमेकांत अडकवून मांडतात व वर लोखंडी जाळी अंथरून काँक्रीट ओततात. साच्यांच्या सांध्यांत उतरलेल्या काँक्रीटचे खांब बनून ते स्लॅबचा भार पेलतात. पोकळी नळ्यांनी बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. त्यामुळे ओलीबरोबरच मातीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायूही बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार अनेक देशांत धूम्रपानानंतर रेडॉन हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे दुसरे महत्त्वाचे कारण आहे. नळ्या बुजल्यास मात्र हे संरक्षण उरत नाही.